अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका म्हाताऱ्याचा ऑक्सिजन बंद करत होत्या. म्हातारा जेवत होता. मास्क गळ्यात लोंबत होता आणि नळीतला वायू फुसफुसत त्याच्या हनुवटीवरून निघून चालला होता. या बुटक्या बाई आल्या, भिंतीवरची कळ दोन बोटांनी फिरवली आणि आवाज थांबला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथूनच वळले आणि तक्रारवही कुठे असते ते विचारायला गेले.

पुढचं मला नंतर कळलं. त्यांनी खिशातून नाकात घालायची बारीक नळी काढली, मास्कच्या जागी ती जोडली, म्हाताऱ्याच्या नाकात नीट बसवली, कळ थोडीशी उघडली आणि त्याचा शेवटचा घास होईपर्यंत खाटेच्या कडेला बसून राहिल्या. मी तेवढं थांबले असते तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण थांबून बघणं मला घरात कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्या घरात शिकवलं जायचं ते बोलायला. बाबा कऱ्हाडकडचे. तरुणपणी बोईसरला आले आणि रंगाच्या कारखान्यात लागले. त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी तांबड्या असायच्या. युनियनची पत्रकं आमच्या घरी यायची आणि त्यांच्या घड्या मी घालायची. परीकथा वाचायच्या वयात मी मागण्या वाचल्या. एखाद्याला कमी मिळतंय म्हणजे दुसरा कोणीतरी जास्त घेतोय, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आजही ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. एका जागी मात्र ते खोटं ठरलं, आणि ती जागा बाबांची छाती होती.

रंगाची पूड आणि विडी, दोन्हींनी मिळून ती छाती वाजवली होती. बाबांना घेऊन गेलो तो श्वासाच्या रुग्णांचा वॉर्ड मोठ्या साथीत घाईघाईनं उभा राहिला होता. साथ गेली तरी अंगणातली टाकी, भिंतीतले पाइप आणि या बाई तिथंच राहिल्या. त्यांचं काम एकच. कुणाला किती ऑक्सिजन लागतो, किती जातो आणि किती वाया जातो ते खाट न् खाट फिरून बघायचं. कागदोपत्री त्या ऑक्सिजन सिस्टर होत्या. वॉर्डातले लोक त्यांना ऑक्सिजनबाई म्हणत.

त्या घिवलीच्या, किनाऱ्यावरच्या. रोज येताना आधी अंगणातल्या टाकीपाशी जायच्या, काटा वाचायच्या आणि मगच आत. जातानाही तसंच. वॉर्डात खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. बसल्या तर खाटेच्या कडेला, रुग्णाच्या पावलांपाशी. ऑक्सिजन ज्या पाण्यातून बुडबुडत जातो त्या बाटल्या स्वतः धुवायच्या, रेघेपर्यंत पाणी भरायच्या आणि कान लावून ऐकायच्या. पांढऱ्या कोटाच्या खिशात खडूचा तुकडा असे. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी हिरव्या भिंतीवर त्या खडूनं दोन आकडे लिहायच्या, खालचा आणि वरचा. बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा जो आकडा दिसतो तो या दोघांच्या मधे राहिला पाहिजे, असा त्यांचा कायदा.

चिमटा मात्र त्या सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी नखं, मग गळ्याची खळगी, मग पोट कसं हलतंय ते. आणि मग प्रश्न.

"कालवण कसं करता तुमच्यात?"

हा प्रश्न सगळ्यांना. रुग्ण सांगू लागला की त्या घड्याळाकडे बघत शब्द मोजायच्या. एका दमात माणूस कुठवर पोचतो, ते वहीत आकड्याच्या शेजारी लिहायच्या. 'खाट चार – कांदा परतेपर्यंत.' 'खाट सात – काल मिठापाशी दम संपला, आज कोथिंबीर.' तरुण डॉक्टर नवीनच आले होते. ते म्हणाले, सिस्टर, सरकारी वहीत हे काय लिहिताय? त्यावर त्यांनी डॉक्टरांनाच कालवण विचारलं. डॉक्टर लातूरकडचे, शाकाहारी. त्यांना वरण सांगता येईना. त्या म्हणाल्या, "तुमाला दम हाय पण अक्कल नाय, हे कुठल्या रकान्यात लिवू?" डॉक्टर हसले आणि वही तशीच चालू राहिली.

एका बिहारी कामगारानं त्यांना लिट्टी-चोखा सांगितला. त्यातलं त्यांना काही कळलं नाही, पण तो वांगं भाजेपर्यंत पोचला म्हणून त्या खूश. डोंगरातून आलेल्या एका म्हातारीनं मात्र एका वाक्यात कालवण संपवलं. म्हातारी म्हणाली, "हाय ते शिजवतों, नाय तं नाय."  बाई बोटं मोजून म्हणाल्या, "सा शब्द, एका दमात. म्हातारे, तू घरी जाणार."

मला त्या वेळी हा सगळा प्रकार चीड आणणारा वाटला. उपाशी, धापा टाकणाऱ्या माणसांना जेवणाची वर्णनं करायला लावायची, ही कसली सरकारी करमणूक?

बाबांनी तर साफ नकार दिला. म्हणाले, "मी जल्मात कधी चुलीफुडं बसलो न्हाई." हे खरं होतं, आणि घरातल्या बाईमाणसांसाठी ती काही अभिमानाची गोष्ट नव्हती.

"मग येतं काय तुमाला?" बाईंनी विचारलं.

"मागण्या येत्यात."

"म्हणा."

बाबांनी उशीवरून मान उचलली आणि गेटवरच्या सभेत म्हणायचे तशा म्हणायला सुरुवात केली. मागणी क्रमांक एक, दोन, आणि तिसरीच्या मध्यावर ओठ निळसर झाले. बाईंनी वहीत गंभीरपणे लिहिलं, 'मागण्या – अडीच.' बाबांना ती बाई त्या दिवशीच आवडली. ते तिला बाईसाहेब म्हणू लागले. मॅनेजरला साहेब म्हणताना लावायचे तो खोचक सूर होता त्यात, पण खाली माया होती. रोज तिची वाट बघायचे. चौथी मागणी पुरी करायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

शेजारच्या खाटेवर एक ठेकेदार होता, कंत्राटी माणसं पुरवणारा. त्याला न्यूमोनिया झाला होता. त्याच्या डोक्याशी खडूनं लिहिलं होतं, चौऱ्याण्णव ते अठ्ठ्याण्णव. बाबांच्या डोक्याशी, अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. काचेच्या नळीत वर-खाली होणारी गोळी असते, तिच्यावरून वायू किती सुटतोय ते कळतं. ठेकेदाराची गोळी पाचावर तरंगायची. बाबांची दीडवर. बाबांचा आकडा चुकून चौऱ्याण्णव झाला की बाई येऊन ती आणखी खाली आणायच्या.

मी त्यांना जाब विचारला. त्या बाटली धूत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्या बाबांना येवढाच लागतो. जास्ती दिला तर पचणार नाय."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते. एवढ्यात भागतं त्यांचं. जास्त दिलं तर पचणार नाही. कारखान्याच्या ऑफिसातून येणाऱ्या प्रत्येक उत्तराचा हाच मजकूर असायचा, फक्त कागद बदलायचा. बाई आणखी काही सांगणार होत्या बहुतेक. मी ऐकायला थांबले नाही.

त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा सोपा होता: 'ठेकेदाराला शहाण्णव, कामगाराला अठ्ठ्याऐंशी!' बाईंचं नाव घातलं नाही, पण खडू घातला, घिवली घातली. झेरॉक्सला टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. मग म्हणाले, "खाली मागणी न्हाई. मागणी नसंल तर पत्रक न्हवं, नुसत्या शिव्या." म्हणून मी खाली मागणी लिहिली: ऑक्सिजन कमी करणारा हात रुग्णांना लागता कामा नये.

पत्रक बोईसर स्टेशनबाहेर वाटलं, कुंभवलीच्या नाक्यावर वाटलं, वॉर्डाच्या दारात वाटलं. साथीत ऑक्सिजनसाठी धावलेली माणसं होती ती. कुणाचा भाऊ गेला होता, कुणाची सासू. त्यांना पटवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात गर्दी झाली. मोठे डॉक्टर बाहेर आले, चौकशी करतो म्हणाले, आणि तोवर सिस्टर वॉर्डात येणार नाहीत असं जाहीर केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाई कामावर आल्या होत्या. टाकीचा काटा वाचून भांडारघरात गेल्या आणि तिथं बाटल्या धूत बसल्या. मी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, लाज वाटतेय.

आणि मग मी बाबांची कळ उघडली.

चोरून नाही. उजळ माथ्यानं, हक्कानं. गोळी दीडवरून पाचावर नेली. वॉर्डात आणखी दोघा-तिघांनी आपापल्या माणसाची कळ उघडली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पत्रकानं सांगितलं होतं. बाबांचा आकडा चढत गेला. ब्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. ठेकेदारापेक्षा दोनानं जास्त. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. बाबांचे गाल तांबूस झाले, हात गरम झाले, कपाळावरची आठी गेली. कित्येक दिवसांनी ते धाप न लागता पडून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले डोकं दुखतंय, आणि झोपले. मी म्हटलं, झोपू दे. इतक्या दिवसांची झोप राहिली आहे.

दुपारी जेवणाला उठवलं तर डोळे अर्धे उघडले. मी म्हटलं, बाबा, मागण्या म्हणा. ते "एक" म्हणाले, आणि थांबले. धाप नव्हती. पुढचं म्हणावंसंच वाटत नसल्यासारखे थांबले. हात उचलला तर पंजा पाखराच्या पंखासारखा फडफडला. चिमट्यावर अठ्ठ्याण्णव होते. डॉक्टर दुसऱ्या इमारतीत होते. मी पुन्हा चिमट्याकडे पाहिलं. आकडा इतका चांगला असताना हाक मारायची कुणाला, आणि काय म्हणून?

हाक झाडूवाल्या मावशींनी मारली. माझ्याकडे न बघता त्या सरळ भांडारघराकडे गेल्या.

बाई ओल्या हातांनीच आल्या. वॉर्डात यायला मनाई होती, ती त्यांनी ध्यानात घेतल्यासारखं दिसलं नाही. चिमट्याकडे बघितलं नाही. बाबांच्या छातीवर तळवा ठेवला, कान धरून हलवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ओ पुढारी, मागणी म्हणा." बाबांनी ओठ हलवले. मग त्यांनी गोळीकडे पाहिलं, पाचावर. कळीवर हात ठेवला आणि मावशींना डॉक्टरांकडे पिटाळलं. ऑक्सिजन एकदम बंद केला नाही. थोडा खाली, थांबून बघणं, आणखी थोडा खाली. आकडा उतरू लागला तशी मी त्यांचं मनगट धरलं.

त्यांनी मला ढकललं नाही. मनगट तसंच माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "बाय, ऐक. खाडीकाठचं शेत बघितलंस ना? पाणी कमी पडलं तरी भात मरतं, भरतीचं जास्ती शिरलं तरी मरतं. ह्यांची छाती वर्षानुवर्षं थोड्यावर जगायला शिकलीय. जास्ती दिला की आतली खराब हवा बाहेर पडत नाय, आतच साठते, डोक्यात चढते. आकडा चांगला दिसतो आणि माणूस खाली खाली जातो. सोड आता."

मी सोडलं.

डॉक्टर पळत आले. मनगटातून रक्त काढून तपासायला पाठवलं. श्वास आत-बाहेर ढकलणारं एक मशीन आणलं, त्याचा मास्क पट्ट्यांनी चेहऱ्यावर आवळावा लागतो. बाबा धुंदीत तो ओढून काढू लागले. बाईंनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि कानाशी काहीतरी पुटपुटत राहिल्या. ऐकलं तर त्या बोंबलाचं कालवण सांगत होत्या, सावकाश, मशीनच्या प्रत्येक ढकलण्याबरोबर एक एक शब्द. बाबांचा श्वास त्या लयीत आला. डॉक्टरांनी विचारलं, कळ कुणी वाढवली? मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, "मी दोन दिवस बघितलं नाय. आता बघतेय." वहीतही त्यांनी एवढंच लिहिलं: 'प्रवाह वाढलेला आढळला. कमी केला.'

उन्हं खिडकीतून खाली सरकली तेव्हा बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघितलं.

चौकशीचं पुढे काही झालं नाही. मी लेखी दिलं की कळ मी वाढवली होती आणि पत्रकही माझंच होतं. बाई त्यावर माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणे, कुणी विचारलं होतं? त्या निवृत्त होईपर्यंत त्याच वॉर्डात राहिल्या. बाबा घरी आले आणि दोन पावसाळे जगले. त्या काळात मी घिवलीला त्यांच्याकडे जाऊ लागले. तिथंही त्या तशाच. टमटममध्ये समोरच्या झोपलेल्या माणसाचे श्वास मोजायच्या. एकदा त्याची बायको चिडली, माझ्या नवऱ्याकडे काय टक लावून बघता म्हणाली. या शांतपणे म्हणाल्या, "बघण्यासारखं काय नाय त्यात. पण मिनिटाला अठ्ठावीस घेतो, डॉक्टरला दाखव."

साथीतही त्या त्याच वॉर्डात होत्या. मावशींनी सांगितलं होतं, टाकीचा काटा खाली आला आणि ऑक्सिजनची गाडी वाटेत अडकली, तेव्हा बाईंनी खाटा फिरून उघडे सुटलेले मास्क बंद केले, ज्याला पाचात भागतं त्याचा आठाचा पाच केला, आणि गाडी येईपर्यंत सगळ्यांना पुरवला. मी एकदा घिवलीला त्यांना म्हटलं, तुम्ही तेव्हा सगळे वाचवलेत म्हणे. त्या जाळ्यावर बोंबील उलटे करत होत्या. "सगळे कुठं," म्हणाल्या, आणि पुढची रांग उलटी करायला सरकल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

पण त्या मला आठवतात त्या मशीन लावलेल्या त्या दिवसाच्या, दुपार उतरतानाच्या. बाबांचा श्वास लयीला लागला, तशा त्या खाटेच्या कडेवरून उठल्या. गुडघे दाबले. म्हणाल्या, "दोन दिवस झाले. बाकीच्यांना बघायला होवं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कळ फक्त मीच उघडली नव्हती.

मी त्यांच्या पुढे चालू लागले. पहिल्या खाटेवर सांगितलं, ते पत्रक मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे, सिस्टरना बघू द्या. तिथल्या माणसानं माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण बाजूला झाला. दुसरीकडेही तसंच. तिसऱ्या खाटेवर कुंभवलीचा एक म्हातारा होता. डोक्याशी खडूनं तेच आकडे, अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. गोळी सहावर. म्हातारा शांत झोपला होता, गाल तांबूस. त्याची सून कळीवर हात ठेवून उभी होती. दुसऱ्या हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"हात लावायचा नाय," ती बाईंना म्हणाली. "ह्यात लिवलंय."

मी म्हटलं, ताई, ते मीच लिहिलंय. चुकलं माझं. माझ्या वडिलांचंही असंच झालं, आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत.

तिनं पत्रकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. साथीत तिच्या घरातलं कोण गेलं होतं मला माहीत नाही, पण कोणीतरी गेलं होतं. कळीवरची बोटं पांढरी पडली होती.

"चुकीचं व्हतं तं लिवलंस कशाला?"

गेटवरच्या सभांत, ऑफिसात, पोलिसांसमोर मला कधी शब्द कमी पडले नव्हते.  खाली खाटेच्या कडेला बसून बाईंनी म्हाताऱ्याचा गरम पंजा आपल्या हातात घेतला होता आणि तो कसा फडफडतो ते बघत होत्या. मान वर न करता त्याच म्हणाल्या,

"बाप हाय तिचा."

सुनेनं कळीवरचा हात काढला.